दहा मिनिटांत मावणारे गुरुजी

पडद्यावर माउसचा बाण एका बटणापाशी येतो आणि दाबण्याआधी क्षणभर थांबतो. संगणक शिकवणारी एखादी चांगली चित्रफीत लक्ष देऊन पाहा, जवळजवळ प्रत्येक क्लिकच्या आधी हा थांबा सापडेल. पाहताना तो जाणवत नाही, पण तो आपोआप आलेला नसतो. धडा करणाऱ्याने आधीच ताडलेलं असतं, की पाहणाऱ्याची नजर या वेळी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तिला इथवर यायला अर्धा-एक सेकंद लागेल, आणि ती पोचण्याआधी क्लिक झालं तर नवी खिडकी उघडलेली दिसेल, पण ती कशामुळे उघडली हे दिसणार नाही. म्हणून बाणाने थांबायचं.

असे शेकडो छोटे निर्णय एका धड्यामागे असतात. सॉफ्टवेअर शिकवणारे स्लाइड शो आणि चित्रफिती आता इतक्या झाल्या आहेत, की त्या कुणीतरी बसून आखतं, लिहितं, तपासतं आणि मग बोलतं, हे आपण विसरूनच गेलो आहोत. हे काम किती बारकाईने करता येतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, पवईला आहे.

केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण पोचवण्यासाठी एक राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्याच्या मदतीने आयआयटी मुंबईत ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याची धुरा सांभाळली ती रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब, लाटेक, पायथन, जिंप, ब्लेंडर अशी कुणालाही फुकट घेता येणारी साधनं शिकवायची. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा. आणि तोच धडा भारतातल्या बावीस भाषांतून ऐकायला मिळावा. ज्याच्याजवळ विचारायला कुणी नाही, अशा एकट्या विद्यार्थ्यालाही तो कळला पाहिजे, ही अट पहिल्यापासून होती. सगळं नवल या अटीतून जन्माला आलं आहे.

वर्गातले गुरुजी चेहरे वाचतात. कपाळावर आठी दिसली की वाक्य पुन्हा म्हणतात, मागच्या बाकावर कुजबुज झाली की थांबतात. चित्रफितीतल्या धड्याला डोळे नसतात. समोरच्याची प्रत्येक अडचण घडण्याआधीच ओळखून उत्तर तयार ठेवायचं, आणि तेही दहा मिनिटांत बसवायचं. हे कसं करतात?

त्यासाठी आपण इथेच एक धडा आखून पाहू. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, घाटाखाली, रोहिणखेड नावाचं गाव आहे. तिथल्या दहावीच्या एका मुलीला लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये आपल्या गावावर स्लाइड शो करायचा आहे, असं समजू. घरी एक जुना लॅपटॉप आहे, इंटरनेट येऊन-जाऊन आहे, घरात संगणकातलं जाणणारं कुणी नाही. मुलगी कल्पनेतली आहे, पण धड्याचा आराखडा याच क्षणी सुरू होतो. कुणासाठी, कोणत्या यंत्रावर, किती मदतीशिवाय, हे ठरल्याशिवाय पुढचा एक शब्दही लिहिता येत नाही.

उदाहरण काय निवडायचं? शिकवणारे बहुतेकदा ‘माझी पहिली स्लाइड’ असं काहीतरी निर्जीव टाइप करून मोकळे होतात. रोहिणखेडला ती पाळी नाही. खानदेशातून वऱ्हाडच्या पठारावर चढणाऱ्या वाटेवरचं हे गाव, म्हणून इथे दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये खानदेशचा नासिर खान फारुकी वऱ्हाडात घुसला. त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाला दिलेली होती आणि तिथे तिची उपेक्षा होत असल्याची तक्रार तिने बापाकडे केली होती. बहमनी सेनापती मलिक-उत-तुज्जार याने नासिर खानाला इथे हरवलं. पुढे १५९० मध्ये अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची गाठ इथेच पडली. गादीवर बसवलेला लहानगा राजा बुऱ्हाणचाच मुलगा होता आणि त्याच्या नावाने कारभार जमालखान पाहत होता, म्हणजे बाप पोराच्या कारभाऱ्याशी लढत होता. जमालखान या लढाईत मारला गेला. या लढाईच्या आठ वर्षं आधी, १५८२ मध्ये, खुदावंतखान महदवीने बांधलेली मशीदही गावात आहे.

तर एकूण तीन स्लाइड: शीर्षक, पहिली लढाई, दुसरी लढाई. मशिदीचा फोटो घालायचा मोह होतो. पण चित्र घालणं, त्याचा आकार बदलणं, ते मजकुरामागे सरकवणं हा वेगळा विषय आहे आणि त्याला वेगळा धडा हवा. इथे आराखड्याची खरी परीक्षा होते. स्पोकन ट्युटोरियलमध्ये धडे लिहिण्याआधी त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या धड्यांची यादी करतात, त्यांचा क्रम लावतात, आणि कोणत्या धड्याआधी कोणता पाहिलेला असावा ते ठरवतात. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीच्या स्लाइडवर तीन गोष्टी येतात: आज काय शिकणार, कोणती प्रणाली आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे, आणि आधी काय येत असायला हवं. आवृत्तीचा उल्लेख वरकरणी रुक्ष वाटतो. पण आपल्या मुलीच्या लॅपटॉपवर जुनं इम्प्रेस असेल आणि मेनूतला शब्द वेगळा दिसला, तर ‘माझंच काहीतरी चुकलं’ असं न वाटता कारण कुठे आहे ते तिला कळतं. तिचा धीर टिकवणारी ही ओळ आहे.

मग संहिता. तिचे दोन रकाने असतात. डावीकडे पडद्यावर काय घडेल ते, उजवीकडे त्याच क्षणी काय बोललं जाईल ते. डावीकडे लिहायचं: ‘बाण वरच्या ओळीतल्या स्लाइड मेनूवर नेऊन थांबवा’. उजवीकडे: ‘आता वरच्या ओळीत स्लाइड हा मेनू पाहा’. पुढच्या ओळीत डावीकडे क्लिक आणि उघडलेली यादी, उजवीकडे त्या यादीतल्या ‘न्यू स्लाइड’बद्दलचं वाक्य. वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच कृती. बोललेली प्रत्येक गोष्ट दिसली पाहिजे आणि दिसलेली प्रत्येक हालचाल बोलली गेली पाहिजे. असं करत गेलं की दहा मिनिटांत पडदा शंभरेक वेळा बदलतो. तेवढं छापायचं तर प्रत्येक बदलाचं एक चित्र देऊन शंभर पानांची पुस्तिका होईल.

बोलणं का, वाचायला मजकूर का नाही? कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी या प्रश्नावर आयुष्याचा मोठा काळ घालवला. चित्र समजून घेताना डोळे गुंतलेले असतात. त्याच वेळी खाली मजकूर आला, तर तो वाचायलाही डोळेच लागतात आणि दोन्हीकडे नीट लक्ष राहत नाही. तोच मजकूर आवाजातून आला तर कान त्याचा भार घेतात आणि डोळे बाणावर राहू शकतात. मेयर यांच्या प्रयोगांत चित्रासोबत वाचायला मजकूर मिळालेल्यांपेक्षा चित्रासोबत निवेदन ऐकलेल्यांना शिकलेलं नव्या प्रश्नांना लावणं अधिक जमलं.

हे मेयर यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे कुणीतरी हाताने करून दाखवलं होतं. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली चित्रं, ती पडद्यावर टाकणारे जादूचे कंदील, आणि सोबत निवेदन आणि संगीत. पौराणिक कथा त्यात चालत्या-बोलत्या होत. एकाच आकृतीच्या किंचित बदललेल्या मुद्रा वेगवेगळ्या काचांवर रंगवायच्या आणि त्या एकामागून एक अशा दाखवायच्या, की आकृती हलली असं वाटावं. काच कोणत्या शब्दावर बदलायची याचा हिशेब तिथेही होता. सिनेमा भारतात यायला अजून चार वर्षं होती. महाराष्ट्रात आखलेल्या, आवाजाने बांधलेल्या स्लाइड शोची ही परंपरा इतकी जुनी आहे याचा मला फार आनंद वाटतो.

संगणकाच्या पडद्यावर बाण हलवत हलवत बोलून दाखवणं मात्र ९ डिसेंबर १९६८ ला जगाने पहिल्यांदा ठळकपणे पाहिलं. सान फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार जाणकारांपुढे नव्वद मिनिटं आपली प्रणाली चालवून दाखवली. माउस लोकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. संगणक दूर मेन्लो पार्कमध्ये होता, पडद्यावर मजकूर आणि एंगलबार्टांचा चेहरा एकत्र दिसत होता, आणि ते शांत आवाजात आता मी काय करतो आहे ते सांगत होते. पण त्यांच्यासमोर बसलेले लोक तज्ज्ञ होते. रोहिणखेडच्या मुलीसाठी तेवढं पुरणार नाही.

का पुरणार नाही, हे १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने फार साध्या प्रयोगातून दाखवलं. काहींना सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला, इतरांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. ज्याला एखादं सॉफ्टवेअर येतं त्याची अवस्था शिकवताना नेमकी अशी होते. न येण्याची आठवण त्याच्याजवळ उरलेलीच नसते.

यावर स्पोकन ट्युटोरियलने काढलेला तोडगा मला सगळ्या पद्धतीतला सर्वांत शहाणा वाटतो. संहिता लिहून झाली की ध्वनिमुद्रणाआधी ती एका नवख्याच्या हाती देतात. ज्याला ते सॉफ्टवेअर मुळीच येत नाही, अशा माणसाने फक्त संहिता वाचून प्रत्येक पायरी करून पाहायची. तो जिथे अडेल तिथे संहिता अपुरी आहे. तज्ज्ञांची तपासणी नंतर होतेच, विषयाची चूक ते पकडतात. पण गाळलेली पायरी पकडण्याची ताकद नवख्यातच असते. अज्ञानाला इतकं मानाचं काम दुसऱ्या कुठल्या पद्धतीत दिलेलं मी पाहिलेलं नाही.

आपल्या धड्यावर ही तपासणी लावू. संहितेत लिहिलं आहे, ‘इम्प्रेस उघडा’. ते उघडताच पुढ्यात नमुन्यांची एक खिडकी येते आणि आधी त्यातलं काहीतरी निवडा म्हणते. तज्ज्ञ ती न पाहताच बंद करतो, म्हणून संहितेत तिचा पत्ताच नाही. नवखा तिथेच थबकतो. पुढे, ‘शीर्षकाच्या चौकटीत रोहिणखेडच्या दोन लढाया असं टाइप करा’. कशाने? कळफलक इंग्रजीवर आहे, मराठीवर कसा न्यायचा हे कुणी सांगितलेलंच नाही, आणि तो धडा यादीत आधी नसेल तर यादीतच घालावा लागेल. मग, ‘फाइल सेव्ह करा’. ती कुठे गेली? आठ दिवसांनी कशी शोधायची? शेवटी, ‘स्लाइड शो पाहण्यासाठी एफ-पाच दाबा’. मुलगी दाबते आणि पडद्याचा उजेड कमी होतो, कारण कित्येक लॅपटॉपांवर वरच्या ओळीतली बटणं आधी उजेड-आवाजाची कामं करतात आणि सोबत ‘एफएन’ धरल्याशिवाय एफ-पाच होत नाहीत. स्लाइड शो सुरू झाला तर पुढचा प्रश्न असतो की यातून बाहेर कसं यायचं, कारण सगळे मेनू गायब झालेले असतात. ‘एस्केप’ची ती एक ओळ नसेल, तर घाबरून लॅपटॉपच बंद केला जातो.

चुकल्यावर परत येण्याची वाट दाखवणं हे मूळ रस्ता दाखवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे आयबीएममधले संशोधक जॉन कॅरल यांनी १९८० च्या दशकात ओळखलं होतं. त्यांनी माणसांना जाडजूड माहितीपुस्तकं घेऊन संगणक शिकताना पाहिलं. माणसं पुस्तक पहिल्या पानापासून वाचतच नाहीत. ती लगेच काहीतरी करायला जातात, चुकतात, आणि चुकीच्या जागेवरून पुस्तकात उत्तर शोधतात, जिथे ते नसतं. कॅरल यांनी मग प्रस्तावना, फुशारक्या, पाल्हाळ सगळं कापून टाकलं आणि खऱ्या कामापासून सुरुवात करणारी, चुका सावरायला शिकवणारी छोटी पुस्तिका केली. लोक तिच्यावरून लवकर शिकले.

करून पाहण्याची ही ओढ स्पोकन ट्युटोरियलच्या पद्धतीत मध्यभागी आहे. चित्रफीत पडद्याच्या एका बाजूला लहान करून ठेवायची, उरलेल्या जागेत प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडायचं. एक पायरी पाहायची, चित्रफीत थांबवायची, तीच पायरी शेजारी करायची, दोन्हीकडे सारखं दिसतंय का ते ताडायचं, मग पुढे जायचं. धड्यातच जागोजागी थांबून अमुक करून बघा असं सांगितलेलं असतं. दहा मिनिटांचा धडा अशाने अर्धा तास घेतो, आणि घ्यावाच. कॉलेजांतल्या कार्यशाळाही याच तत्त्वावर चालतात. संयोजकाला त्या सॉफ्टवेअरचं ज्ञान असलंच पाहिजे असं नाही. त्याने संगणक, हेडफोन आणि धडे तयार ठेवायचे, शिकवायचं काम धडा करतो. हेडफोन हवेतच, कारण एकाच खोलीत प्रत्येक जण धड्याच्या वेगळ्या ओळीवर असतो.

येऊन-जाऊन असलेल्या इंटरनेटचं काय? इथे संगणकाच्या पडद्याचा एक स्वभाव कामाला येतो. लग्नाच्या चित्रफितीत प्रत्येक क्षणी सगळं चित्र हलत असतं. सॉफ्टवेअरच्या धड्यात एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंत बहुधा एक छोटा बाणच हललेला असतो, बाकी पडदा जसाच्या तसा. चित्रफीत आवळणारं तंत्र अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवतं आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतं. बदल इतका थोडा असल्याने दहा मिनिटांचा धडा अगदी कमी जागेत मावतो. म्हणून हे धडे उतरवून घेऊन सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर गावोगाव नेता आले, आणि इंटरनेट नसलेल्या खोलीतही चालले.

राहिली भाषा. पडद्यावरचे मेनू आणि मजकूर इंग्रजीतच राहतात, बदलतो तो फक्त आवाज. पुढे नोकरीच्या जागी समोर इंग्रजी पडदाच येणार, त्याची सवय व्हावी, पण समजून घेण्याची वाट मात्र आईच्या भाषेतून जावी, असा हा विचार आहे. मला तो पटतो. तो अमलात आणणं मात्र विलक्षण नाजूक काम आहे. मूळ धडा तयार झाला की त्याची वेळेची संहिता करतात. कोणत्या सेकंदाला कोणतं वाक्य सुरू होतं याची ती यादी. मराठी निवेदन त्याच सेकंदांत बसवायचं असतं, कारण बाण मूळ धड्याच्या वेळेनुसारच हलणार आहे. ‘मेनूवर क्लिक करा’ म्हणताना पडद्यावर यादी आधीच उघडून मिटली असेल, तर विद्यार्थी हरवला. वाक्य लांबलं तर शब्द कापावे लागतात, आखूड झालं तर शांतता ठेवावी लागते, आणि कधी दोन वाक्यांचा क्रम फिरवावा लागतो. ऑडॅसिटीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर हे तुकडे मुद्रित करून, सरकवून, जुळवून पुन्हा त्याच चित्रावर बसवतात. मूळ धडा लिहिणाऱ्याने वाक्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडली असेल तर बावीस भाषांतले निवेदक त्याला दुवा देतात. इंग्रजीत घाईघाईने बोललेला धडा इतर सगळ्या भाषांचा श्वास कोंडतो.

हे सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुलं आहे. श्रेय द्यायचं आणि पुढचं कामही तसंच खुलं ठेवायचं, एवढं पाळून कुणीही हे धडे वाटू शकतो, बदलू शकतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि मेनू हलले, तर धडा जुना होतो, ही या कामातली न संपणारी मेहनत आहे. पण दोन रकान्यांची संहिता हाती असेल तर नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते दिसतं आणि नवा धडा कोऱ्या पानापासून सुरू करावा लागत नाही.

आणि ही पद्धत पुढे सॉफ्टवेअरच्या कुंपणाबाहेरही गेली. आयआयटी मुंबईतल्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली याच धर्तीवर आरोग्य आणि पोषणाचे धडे तयार झाले. नवजात बाळाला स्तनपान देताना त्याला कसं धरायचं, आईचा कोणता हात कुठे असावा, बाळाचं डोकं, मान आणि पाठ एका रेषेत कशी ठेवायची, बाळाने तोंड किती उघडेपर्यंत थांबायचं, हे एका वाक्यात एक कृती अशा त्याच शिस्तीने, अनेक भारतीय भाषांतून सांगितलं जातं. पडद्यावर आता मेनूंच्या जागी आईचे हात आहेत. पाहायचं, थांबवायचं, शेजारी करून ताडायचं. नवख्याची तपासणी इथेही तितकीच कामाची, कारण अनुभवी सुईण किंवा परिचारिका ज्या गोष्टी सांगायला विसरेल त्याच पहिलटकरणीला माहीत नसतात. बाळ छातीशी घेतल्यावर तिच्या पाठीला आधार हवा, ती ओठंगून नीट बसलेली हवी, ही अशीच एक ओळ आहे, आणि ती धड्यात बाळाला उचलण्याच्या आधी यावी लागते.